चौदा कोपेक

संध्याकाळी सात वाजता दांगुओले
पिवळ्या लेबलांची बंदूक घेऊन निघते
आणि मी तिच्यामागे ट्रॉली ढकलत.
हे बॉस्टन. अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशायरमधलं,
कोबीच्या शेतांत बसलेलं,
जमीन इतकी सपाट
की चर्चचा मनोरा कुठूनही
आपल्याच पाळीवर नजर ठेवून आहे असं वाटतं.

आधी सँडविच. मग कोंबडी.
एक पौंड ऐंशीचं एक वीस,
साडेआठला नव्वद पेन्स, साडेनऊला एकोणीस.
पाव तोच, आतली काकडी तीच,
फक्त घड्याळ पुढे सरकलेलं.
गिऱ्हाइकं उगाच रेंगाळतात,
दह्याच्या डब्यांवरचं बारीक छापील वाचल्यासारखं करतात,
बंदूक वाजली की मात्र
कुरमुरे पडल्यावर तळ्यातले मासे येतात तशी येतात.

"मी किंमती ठरवायचे," एकदा म्हणाली,
फ्रीझरच्या घरघरीत.
मला वाटलं, हिशेबनीस असेल कुठेतरी.
"विल्नियसला. तिसरा मजला, आम्ही सातजणी.
माझ्याकडे ॲल्युमिनियम:
चमचे, झारे, गाळणी, पातेल्यांची झाकणं.
चहाच्या चमच्याला चौदा कोपेक.
आणि लेबल नव्हतं हं.
साच्यातच असायची किंमत. धातूत.
पोरगी तो चमचा चाटत मोठी व्हायची,
लग्न करायची, म्हातारी व्हायची,
दांड्यावर चौदाच."

मी विचारलं, चमचे मिळायचे दुकानात?

"किंमत होती म्हणाले मी.
चमचे होते असं कुठे म्हणाले?"

मला नानांचं कंट्रोलचं दुकान आठवलं.
रोज सकाळी ते फळा ओल्या फडक्यानं पुसायचे
आणि कालचंच पुन्हा लिहायचे, सुवाच्य, टपोरं:
साखर, भाव अमुक, शिल्लक निरंक.
तिला सांगितलं, आमच्या भाषेत भाव म्हणजे किंमत,
आणि मनात असतो, देवापुढे असतो, तोही भावच.
तिनं लेबल चिकटवता चिकटवता विचारलं,
"दोन्ही एकदमच पडतात?"

मग एका सोमवारी साहेब म्हणाले,
उद्यापासून किंमती आपोआप ठरतील.
सातजणी एकमेकींकडे बघत राहिल्या,
उद्यापासून पोरं आपोआप जन्मतील
असं कुणी दाईला सांगावं, तशा.
नोटांवर घाईघाईत प्राणी छापले होते,
शंभरावर गवा.
"हिवाळा लागेतो
गव्याला कोंबडीही येईना."
तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य आला,
नंतर टॅनिंग सलून.
सहाव्या टेबलाची बिरूते
बाजारात आपलेच पडदे विकायला बसली,
आणि भाव किती सांगायचा हे तिला सुचेना.
बावीस वर्षं किंमती ठरवलेली बाई.

परत यावं वाटतं का ते सगळं?
"वेडा आहेस का?" म्हणाली. "बूट हवे तर
नवऱ्यानं दोन तास रांगेत उभं राहायचं,
आणि मिळायचे दोन्ही डावे."
मग थोडं थांबून:
"पण तेव्हा चुकायचं ते माझं चुकायचं.
कुणी शिव्या घालायला आलाच,
तर जिना चढून माझ्या टेबलाशी येऊ शकत होता.
इथे हे यंत्र सांगतं, मी चिकटवते.
याचा जिना कुठाय?"

दहाला उरलेलं मोजून कचऱ्यात,
'वाया' या रकान्यात आकडा.
त्यांच्याकडेही होता म्हणे असा रकाना,
त्यात नेहमी शून्य भरायचं,
वाया जाणं आराखड्यात नव्हतं.

चहाच्या सुट्टीत ती खिशातून चमचा काढते.
काळवंडलेला, हलका, जवळजवळ काहीच नसल्यासारखा.
ढवळते, झटकते, माझ्या हातात देते.
अंगठ्याखाली आकडे लागतात अजून,
चार जरा झिजलाय.
छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नाव 'डॅना',
पूर्ण नाव म्हणायला इथे कुणाला वेळ नाही.

"आण इकडे," ती म्हणते,
"ट्युलिप राहिलेत."